टपालाची मोटार आणि ठेक्याचा चालक

प्रस्तुत साप्ताहिकाचा अंक छापून झाला की त्यावर वर्गणीदारांचे पत्ते चिकटविले जातात, गावोगावचे गठ्ठे बांधले जातात आणि ते टपाल कचेरीच्या स्वाधीन होतात. पुढे काही दिवसांनी पोस्टमन तो अंक वाचकाच्या दारात आणून देतो. वाचक या पोस्टमनला ओळखतो, उन्हाळ्यात त्याला पाणी विचारतो, दिवाळीत पोस्त देतो. परंतु टपाल कचेरीची खिडकी आणि घराचे दार या दोन टोकांच्या मधले अंतर कोणीतरी रात्रभर जागून मोटारीने कापलेले असते. त्या मनुष्याचा चेहरा वाचकाने कधी पाहिलेला नसतो. यात वाचकाचा दोष नाही. परंतु ज्या खात्याचे टपाल तो वाहतो ते खातेच जेव्हा ‘हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ असे म्हणते, तेव्हा तो प्रश्न विस्मरणाचा राहत नाही, धोरणाचा होतो. आणि त्या धोरणाची चिकित्सा करणे हे समाजवादी कार्यकर्त्यांचे कर्तव्य ठरते.

भिवंडीचा धडा

हे धोरण माणसाला कोठे नेऊन सोडते हे पाहावयाचे असेल तर भिवंडीइतके योग्य गाव महाराष्ट्रात दुसरे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. गिरण्यांची धुराडी थंडावली, पण बाजारातले कापड काही संपले नाही. ते भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. गिरणीतील विणकराला आठ तासांची पाळी होती, भविष्यनिर्वाह निधी होता, भरपगारी रजा होती. यंत्रमागावरच्या कामगाराच्या वाट्याला बारा तासांची पाळी आणि विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी आली. कापड तेच राहिले, गिऱ्हाईक तेच राहिले, पुष्कळदा व्यापारीही तेच राहिले. कापड विणणाऱ्याचा दर्जा मात्र बदलला. गिरण्यांचा संप भिवंडीत मोडला गेला हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ‘कायम कामगार’ ही संकल्पनाच तेथे मोडली गेली.

भिवंडीच्या इतिहासातील दुसरे पर्व गोदामांचे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, परंतु मुंबईच्या उंबरठ्यावर असल्यामुळे तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या जमिनीवर गोदामे उभी राहू लागली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, राज्याराज्यांत वेगवेगळी कोठारे ठेवण्याचे व्यापाऱ्यांचे प्रयोजन संपले आणि मालाचे मोठे साठे थोड्या ठिकाणी एकवटू लागले. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, माणकोली, सोनाळे, पडघा या गावांच्या शिवारांत जेथे भात पिकत होता तेथे आता पत्र्यांची मैलोगणती छपरे दिसतात. घरबसल्या खरेदीचा जो सुकाळ शहरी मध्यमवर्ग अनुभवतो, त्याचे कोठार भिवंडी आहे.

या कोठाराभोवती मोटारींची जी रांग लागते ती दिवसरात्र तुटत नाही. नाशिक महामार्ग, अंजूरफाटा, माणकोली नाका, कशेळीचा पूल या ठिकाणी अवजड वाहन तासन्‌तास अडकून पडते. शहरांत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना प्रवेशबंदी, म्हणून चालकाने बंदी उठेपर्यंत रस्त्याच्या कडेला थांबावयाचे. गोदामात माल भरण्याची पाळी येईपर्यंत पुन्हा थांबावयाचे. थांबण्याचे हे तास कामाचे तास म्हणून कोणी मोजत नाही. एकदा माल भरला की मात्र घड्याळ सुरू होते, आणि थांबण्यात गेलेला वेळ झोपेतून कापून रस्त्यावर भरून काढावा लागतो. अंघोळीला जागा नाही, शौचालय नाही, निजावयाचे तर चाकामागच्या आसनावर. आशियातील सर्वांत मोठ्या गोदामनगरींत जिची गणना होते, तेथे मोटार उभी करावयास जागा अपुरी आहे आणि मोटार चालविणाऱ्याला पाठ टेकावयास जागाच नाही.

एकाच रस्त्यावरचे दोन चालक

टपाल खात्याला या पार्सलांच्या व्यापारात आपला वाटा हवा आहे, आणि तो हवा असण्यात गैर काही नाही. पत्रे कमी झाली, पार्सले वाढली. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आडगावी पार्सल पोचवावयाचे तर टपाल खात्याइतके पसरलेले दुसरे जाळे देशात नाही. सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कचेऱ्या, त्यांतील दहापैकी नऊ ग्रामीण भागात, ही स्वतंत्र भारताने जनतेच्या पैशातून उभी केलेली संपत्ती आहे. प्रश्न असा आहे की, हे वाढते काम कोणाच्या खांद्यावर चालले आहे?

खात्याची स्वतःची मोटारसेवा आहे. ‘मेल मोटर सर्व्हिस’ या नावाने ती ओळखली जाते, मुंबईत तिची कचेरी वरळीला आहे. या सेवेत चालक म्हणून लागण्यास दहावी उत्तीर्ण असावे लागते, हलके व अवजड अशी दोन्ही वाहने चालविण्याचा परवाना व तीन वर्षांचा अनुभव लागतो, यंत्राचे किरकोळ दोष दूर करण्याइतके ज्ञान लागते. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होते. जुलै २०२५ चा ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर ही रक्कम ३१,४४२ रुपये होते, घरभाडे भत्ता वेगळा. आजारी पडला तर रजा आहे, अपघात झाला तर खाते त्याच्या मागे उभे आहे, निवृत्तीनंतर त्याला पूर्वीइतके भक्कम राहिले नसले तरी निवृत्तिवेतन आहे. हे वैभव नाही. चार माणसांचे कुटुंब प्रतिष्ठेने चालविण्यास जेमतेम पुरेल एवढेच ते आहे.

त्याच रस्त्यावरून, तसल्याच पिशव्या घेऊन, दुसरी एक मोटार जाते. ती भाड्याची असते. खाते निविदा काढते, सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते, आणि कित्येकदा काम मिळविणारा स्वतःची मोटार न लावता एखाद्या लहान मालकाची मोटार लावून मधले पैसे ठेवतो. चालक त्या लहान मालकाचा. म्हणजे टपाल खाते, ठेकेदार, मोटारमालक आणि चालक अशी चार पायऱ्यांची उतरण झाली. नफा वरच्या पायऱ्यांवर थांबतो. जोखीम मात्र थेट तळापर्यंत घरंगळते.

या चालकाला टपाल खात्याचे वेळापत्रक लागू आहे, खात्याची मोहोर व शिस्त लागू आहे, उशिराचा दंडही फिरून त्याच्याच पगारातून वसूल होतो. लागू नाही ते फक्त खात्याचे वेतन. खात्याच्या हिशेबात पहिल्या चालकाचा खर्च ‘वेतन’ या सदरात पडतो, तर दुसऱ्याचा खर्च वाहतुकीच्या भाड्यात विरून जातो. माणूस हिशेबातूनच नाहीसा झाला की त्याच्याविषयीच्या जबाबदारीचाही हिशेब द्यावा लागत नाही.

स्वस्ताईचे अर्थशास्त्र

ठेका स्वस्त पडतो, असे सांगितले जाते. ही स्वस्ताई येते कोठून, याचा विचार शांतपणे केला पाहिजे.

मोटारवाहतुकीचा दर कशाकशाचा बनतो? डिझेल, टायर, पथकर, विमा, वाहनकर, कर्जाचा हप्ता, दुरुस्ती आणि चालकाचे वेतन. पंपावरचा डिझेलचा दर सरकारी मोटारीला व ठेकेदाराच्या मोटारीला सारखाच आहे. पथकराच्या नाक्यावर ठेकेदाराला कोणी सूट देत नाही. विम्याचा हप्ता ठरलेला, बँकेचे व्याज ठरलेले. उलट लहान मालकाला कर्ज सरकारपेक्षा महागच पडते. मग दोन ठेकेदारांमध्ये दराची चढाओढ लागते ती कोणत्या बाबीवर? कापता येण्यासारख्या बाबी दोनच उरतात : मोटारीची देखभाल आणि चालक. ब्रेकचे काम पुढच्या महिन्यावर ढकलता येते. दोन चालकांचे काम एकाकडून करवून घेता येते. साप्ताहिक सुटी, अतिकाल भत्ता, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी कागदावर ठेवून प्रत्यक्षात वगळता येतात. निविदेतील सर्वांत कमी दर हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असते ही समजूत म्हणून भ्रामक आहे. कामगारप्रधान सेवेत तो दर पुष्कळदा एवढेच सांगतो की, कायदा मोडण्याची तयारी कोणाची किती आहे.

शिवाय, खात्याच्या वहीतून पुसलेला खर्च समाजाच्या वहीतून पुसला जात नाही. थकलेल्या चालकाचा डोळा लागला तर त्याची किंमत रस्त्यावरचा पादचारी देतो. चालकाला चाळिशीत पाठीचे व मूत्रपिंडाचे दुखणे जडले तर त्याची किंमत जिल्हा रुग्णालय आणि गावाकडचे कुटुंब देते. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हे सारे बळी ठेका पद्धतीचे आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु अपुरी झोप घेऊन मोटार चालविणे भाग पडेल अशी व्यवस्था शासनच उभी करीत असेल तर रस्ता सुरक्षेचे त्याचे सप्ताह हा निव्वळ उपचार ठरतो.

शासनाने मात्र उपाय शोधला तो शिक्षेचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या पोटकलमात, अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. जखमीला सोडून पळणे निंद्यच आहे. परंतु जमावाच्या भीतीने पळणाऱ्या चालकाचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नव्हता, आणि चालकाला सलग सोळा-सोळा तास राबविणाऱ्या मालकासाठी अशी दहा वर्षे कोठेच लिहिलेली नव्हती. १ व २ जानेवारी २०२४ रोजी देशभर मोटारचालकांनी चाके थांबविली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि सरकारला चर्चेस बसावे लागले. संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली तेव्हा ते पोटकलम वगळूनच आली. ज्यांना मोठी संघटना नाही, नाव घेण्याजोगा पुढारी नाही, अशा माणसांनी दोन दिवसांत हे घडवून आणले, याची नोंद कार्यकर्त्यांनी घ्यावयास हवी.

कायद्याची दारे आणि खिडक्या

आपल्याच माणसांना परके म्हणण्याची टपाल खात्याची खोड जुनी आहे. खेड्यातील टपाल ज्यांच्या जिवावर चालते त्यांना खात्याने दीर्घकाळ ‘खातेबाह्य’ असेच नाव दिले होते. आजचे ग्रामीण डाक सेवक ते हेच. १९७७ साली राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नागरी पदावरील सेवक असल्याचा निर्णय दिला; तरीही नियमित सेवकांचे वेतन व निवृत्तिवेतन त्यांच्या पदरात पडले नाही. १९८७ साली टपाल व तार खात्यातील रोजंदारी कामगारांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने खात्याला किमान वेतनश्रेणीइतके वेतन देण्यास व वर्षाहून अधिक सलग काम केलेल्यांना सामावून घेण्याची योजना आखण्यास सांगितले. त्याआधी १९८२ साली रणधीर सिंग खटल्यात ‘समान कामास समान वेतन’ हे तत्त्व न्यायालयाने घटनेच्या आधाराने उचलून धरले होते. तो खटला दिल्ली पोलिसांतील एका मोटारचालकाचाच होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

न्यायालयाने एक दार उघडले की शासनाने दुसरी खिडकी शोधावी, असे हे चालले आहे. रोजंदारी कामगार सामावून घ्यावा लागतो, तर रोजंदारीवर नेमूच नका, ठेकेदारामार्फत घ्या. २००६ सालच्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन शासकीय खात्यांनी वर्षानुवर्षे राबलेल्या तात्पुरत्या सेवकांना बाहेरचा रस्ता दाखविला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, त्या निकालाचा असा शस्त्रासारखा वापर करता येणार नाही, आणि शासनाने मालक म्हणून आदर्श घालून दिला पाहिजे.

मोटारचालकांसाठी १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, या त्यातील तरतुदी होत्या. पाचहून कमी कामगार असलेल्या मालकाला मात्र तो लागू नव्हता, आणि देशातील मालवाहतुकीचा मोठा भाग अशाच एक-दोन मोटारींच्या मालकांकडे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा, आणि त्याचबरोबर १९७० चा कंत्राटी कामगार कायदा, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या संहितेत विलीन झाला. या संहितेने कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासावर नेली. एकोणपन्नास चालक ठेवणारा ठेकेदार यामुळे मोकळा झाला.

तथापि या संहितेतही लढण्यास जागा आहे. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास तिने मनाई केली आहे. वाहतूक व कुरिअर यांसारखी कामे गाभ्याची नव्हेत असे ती म्हणते खरी, परंतु ती आस्थापनाच त्या कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. टपाल खाते टपालाची ने-आण करण्यासाठी स्थापन झालेले नाही, असे कोणता मंत्री संसदेत उभा राहून म्हणेल? सरकारी कचेऱ्यांना संहिता लागू नसली तरी तेथील ठेकेदारामार्फतच्या कामगारांना ती लागू आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. धोका एकच : ‘हे काम नेहमीच ठेक्याने चालत आले आहे’ असे दाखविता आले तर मनाईतून सूट मिळते. म्हणजे आज जी सवय बिनबोभाट लागते आहे ती उद्या कायदेशीर सबब होईल. म्हणून या प्रश्नावर आज बोलले पाहिजे.

परदेशचा दाखला

अमेरिकेचा कित्ता गिरविण्याची आपल्या राज्यकर्त्यांना हौस आहे. मग या बाबतीत तेथे काय घडले तेही पाहावे. १८४५ साली तेथील कायद्याने टपालवाहतूक सर्वांत कमी दर देणाऱ्या ठेकेदाराकडे सोपविली. त्याने ‘तत्परता, निश्चिती व सुरक्षितता’ सांभाळावी एवढीच अट होती. ही तीन नावे पुनःपुन्हा लिहिण्याऐवजी कारकून तीन तारका काढीत, त्यावरून या मार्गांना ‘स्टार रूट’ म्हणू लागले. पुढे याच ठेक्यांत अधिकारी, ठेकेदार व राजकारणी यांच्या संगनमताने सरकारी पैशाची लूट झाली आणि १८८१ साली तो घोटाळा देशभर गाजला. ठेक्याने भ्रष्टाचार कमी होतो या समजुतीला इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

ठेका पद्धत तेथे आजही आहे. टपाल खात्याचे स्वतःचे मोटारचालक संघटित आहेत, ठेक्याचे मार्गही आहेत. परंतु १९६५ साली तेथे असा कायदा झाला की, केंद्र सरकारला सेवा पुरविणाऱ्या ठेकेदाराने आपल्या कामगारांना त्या भागातील प्रचलित वेतन व इतर लाभ दिलेच पाहिजेत, आणि हा दर श्रम खाते ठरवून देईल. त्यामुळे निविदेतील चढाओढीला मजुरीच्या खाली जाण्यास निदान कायद्याने तरी वाव उरला नाही. भांडवलशाहीच्या माहेरघराला जी लाज वाटली ती आपल्या प्रजासत्ताकाला का वाटू नये?

आक्षेपांचा समाचार

टपाल खाते तोट्यात आहे, असा पहिला आक्षेप घेतला जाईल. परंतु तोटा कशाला म्हणावयाचे? मुंबईतील पत्र आणि भामरागडचे पत्र एकाच दराने नेण्याचे व्रत ज्या खात्याने पाळले त्याची तुलना फायद्याचेच मार्ग निवडणाऱ्या खाजगी कुरिअरशी करता येत नाही. २०२३ च्या टपाल कायद्याने पत्रवाहतुकीवरील खात्याचा एकाधिकार संपला. हा कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आहे. शहरांतली साय दुसऱ्यांनी खावी, आडगावचे ताक खात्याने वाटावे, आणि मग खात्याला तोट्याबद्दल दोष द्यावा, हा न्याय अजब आहे. आडगावच्या नागरिकाला मिळणाऱ्या सेवेची किंमत सर्व समाजाने करातून द्यावी. ती एकट्या मोटारचालकाच्या झोपेतून वसूल करण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की, कायम नोकर काम करीत नाही. काही ठिकाणी हे खरे आहे, आणि समाजवाद्यांनी ते मान्य करण्यास कचरू नये. कामचुकारपणा हा जनतेच्या संपत्तीचा अपहार आहे. परंतु त्यावर उपाय शिस्त हा आहे. भीतीने काम करवून घेता येते हे वेठबिगारीच्या काळातही लोकांना माहीत होते. प्रजासत्ताकाने त्याहून वरचा मार्ग पत्करावा अशी अपेक्षा आहे.

ठेक्यामुळे बेकारांना काम तरी मिळते, असे तिसरे म्हणणे. टपाल वाहावयाचे आहे ते वाहावेच लागणार, मोटारी लागतीलच, चालकही लागतीलच. ठेक्याने एकही जास्तीची मोटार रस्त्यावर येत नाही. उलट दोघांचे काम एकावर लादून ठेका एक जागा खातोच.

चळवळीचा स्वतःचा हिशेब

शासनावर टीका करून थांबणे सोपे आहे. परंतु या प्रश्नात कामगार चळवळीलाही आपला हिशेब द्यावा लागेल. टपाल कामगारांचा इतिहास तेजस्वी आहे. ११ जुलै १९४६ रोजी पोस्टमन व कनिष्ठ सेवकांनी संप सुरू केला तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी २९ जुलैला सारे कलकत्ता शहर बंद राहिले होते. जुलै १९६० च्या व १९ सप्टेंबर १९६८ च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपांत टपाल सेवकांनी तुरुंगवास व बडतर्फी सोसली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या राष्ट्रीय महासंघाची मान्यता काढून घेतली, तेव्हा ठेवलेल्या आरोपांत शेतकरी आंदोलनाला वर्गणी दिल्याचा आरोप होता. हा आरोप नसून भूषण आहे.

परंतु शेतकऱ्याच्या दुःखाने द्रवलेली ही संघटना आपल्याच अंगणात माल उतरविणाऱ्या ठेक्याच्या चालकापर्यंत पुरेशी पोचलेली नाही. कायम सेवकाला तो उपरा वाटतो. त्याला कायम सेवक सुखवस्तू वाटतो. मालकाला याहून अधिक सोयीचे काय असणार? गिरणगावाने भिवंडीच्या माग कामगाराला वेळीच आपला मानले असते तर १९८२ चा इतिहास कदाचित निराळा झाला असता. तीच चूक पुन्हा होत आहे. खात्यातील जागा रिकाम्या पडत जातील, ठेक्याच्या मोटारी वाढत जातील, आणि एके दिवशी कायम चालक शोधूनही सापडणार नाही. त्या दिवशी त्याच्या संघटनेने संप पुकारला तरी मोटारी धावतच राहतील.

यातून मार्ग महाराष्ट्रानेच पूर्वी दाखविलेला आहे. बाजारातील हमालाचा मालक कोण, हा प्रश्न असाच सुटत नव्हता. आज या पेढीचा बोजा, उद्या त्या पेढीचा. अण्णासाहेब पाटलांनी बांधलेल्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक बदलता असला तरी मंडळ कायम. मालकाने मजुरी व लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने कामगाराला वेतन, निधी, रजा व औषधपाणी द्यावे, अशी ही रचना आहे. खाजगी सुरक्षा रक्षकांसाठीही १९८१ साली याच धर्तीवर कायदा झाला. हमालाने पाठीवर वाहिलेला बोजा ज्या मोटारीत चढतो त्या मोटारीच्या चालकालाच असे मंडळ का असू नये?

मागण्या म्हणून कार्यकर्त्यांनी पाच गोष्टी लोकांपुढे ठेवाव्यात. टपाल खात्याच्या मोटारसेवेतील रिकाम्या जागा भराव्यात आणि दीर्घकाळ टपाल वाहणाऱ्या ठेक्याच्या चालकांना त्यांत अग्रक्रम द्यावा. जोवर ठेका आहे तोवर निविदेत चालकाचे वेतन ही बाब स्पर्धेबाहेर ठेवावी, तिचा दर खात्यातील चालकाच्या प्रारंभिक वेतनाइतका असावा आणि ते पैसे थेट चालकाच्या बँक खात्यात जावेत. माल भरण्याउतरविण्याची प्रतीक्षा व प्रवेशबंदीचे तास कामाचे तास म्हणून नोंदवावेत, उशिराचा दंड चालकावर ढकलण्यास बंदी असावी. भिवंडीच्या परिसरात शासनाने व गोदाममालकांनी मिळून चालकांसाठी विश्रांतिगृह, स्नानगृह व दवाखाना उभारावा. आणि महाराष्ट्र शासनाने माथाडी मंडळाच्या धर्तीवर मोटारचालकांचे मंडळ स्थापन करावे.

हे काम मुंबईच्या सभागृहात ठराव करून होणारे नाही. त्यासाठी माणकोली नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर रात्री अकरा वाजता बसावे लागेल. तेथे भेटणारा चालक जौनपूरचा असेल, बीडचा असेल, नांदेडचा असेल. त्याच्याशी हिंदीतही बोलावे लागेल, आणि परप्रांतीय म्हणून त्याच्याकडे बोट दाखविणाऱ्यांना त्याच टपरीवर उत्तर द्यावे लागेल. मुंबईच्या टॅक्सीचालकांची संघटना जॉर्ज फर्नांडिस यांनी बांधली ती रस्त्यावर उतरूनच. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांना हा रस्ता अपरिचित नसावा.

या अंकाचे गठ्ठेही आज रात्री कोठल्या तरी मोटारीतून निघतील. त्यांत श्रमाच्या प्रतिष्ठेवरचे लेख आहेत, समतेचे ठराव आहेत. ते वाहून नेणाऱ्या माणसाला आठ तासांची पाळी, पुरते वेतन आणि रात्रीची झोप मिळवून देणे, ही त्या लेखांची व ठरावांची पहिली कसोटी आहे.